पंखेवाल्याचा सत्कार

"मांसाहार सोडून किती वर्षं झाली, काका?" रितेशने रेकॉर्डिंग चालू करून मोबाइल पुढे धरला.

"सोडला नाय. सुटला," नथानियल म्हणाला.

"वा! हे तर अध्यात्म झालं."

अध्यात्म कसलं? बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरात मटण खायचं तर ते आपल्यातल्या शिकलेल्या माणसाने, बिनखाचेच्या सुरीने, प्रार्थना म्हणून कापलेलं लागतं. रोह्याजवळच्या त्यांच्या गावात हे काम एझ्रा करायचा. एझ्रा इस्रायलला गेला आणि म्हणे विमानतळावर बॅगा चढवू लागला. त्याच आठवड्यात नथानियलने मुलीच्या, शीराच्या, बाळंतपणाच्या नवसाचा बोकड आणला होता. कापणारा गेला, बोकड राहिला. आता तो म्हातारा होऊन पडवीत घोरायचा आणि बघणाऱ्याला वाटायचं, केवढी ही माया.

गाडी पंक्चर झाली म्हणून थांबलेल्या रितेशलाही तेच वाटलं होतं. रितेश पेणच्या भूतदया मंडळाचा चिटणीस.

"मासे?" त्याने जरा घाबरतच विचारलं.

"खवल्याचा गावला की. बिनखवल्याचा आमाला चालत नाय."

"मासे आपण धरत नाही," रितेशने रेकॉर्डिंग मागे नेऊन तेवढं पुसलं. "आणि नोकरी?"

"खांब गावाला पोल्ट्रीवर. पंखे बघतो."

"म्हणजे पक्ष्यांना वारा घालता!"

नथानियलने खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात बायको सिपोरा चहा घेऊन आली आणि रितेश तिच्या पाया पडला. पाया पडलेल्या माणसाला काय सांगणार?

तो गेल्यावर सिपोरा म्हणाली, "अहो, गेल्या महिन्यात हायवेच्या हाटेलाबाहेर मटणाच्या रश्श्याचा वास घेत उभे होतात. मी ओढून आणलं."

"रविवारी पेणला सत्कार हाय. शाल देनार हायत गो."

"मे महिन्यात?"

पोल्ट्रीची शेड बंदिस्त होती. पंखे थांबले की आतल्या कोंबड्या काही मिनिटांत गुदमरायच्या, म्हणून लाइट गेली की ताबडतोब जनरेटर. रविवारी निघण्याआधी नथानियलने दत्ताला जनरेटरचं हँडल दाखवलं. दत्ता शेजारच्या कातकरी वाडीतला, खाद्य टाकायचा.

"बत्ती गेली तं, काका?"

"रविवारी जात नाय. गेलीच तं हँडल मार."

डिझेलच्या पाइपात हवा धरते, मग एक नट ढिला करून ती काढावी लागते, हे त्याने सांगितलं नाही. विसरला नव्हता. हे दत्ताला आलं असतं तर शेठला नथानियल कशाला लागला असता?

पेणच्या सभागृहात बोकडाला स्टेजच्या पायाला बांधलं. बोकडाने स्वतःचा हार खाल्ला, मग नथानियलचा. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले, "या माणसाने एका मुक्या जिवाच्या डोळ्यांत पाहिलं आणि हातातली सुरी खाली ठेवली." सुरी इस्रायलला होती.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला आणि थरथरतच राहिला. दत्ता. दत्ता कधीच फोन करत नसे, मिस्ड कॉल द्यायचा. नथानियलने कट केला.

"काका, बोकडाच्या गळ्यात हात टाका," फोटोग्राफर म्हणाला.

पुन्हा दत्ता. पुन्हा कट.

एक वाक्य पुरलं असतं. नट ढिला कर. पण स्टेजवर ते म्हणायचं तर कसला नट, कसली शेड, कोंबड्या कशासाठी वाढवता, हे सगळं निघालं असतं. समोर पहिल्या रांगेत म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या.

"हसा, काका."

फोन तिसऱ्यांदा थरथरला. नथानियल हसला. फोटो चांगला आला.

खाली उतरल्यावर जिन्यातून त्याने फोन लावला. "दत्ता, पाइपाचा नट ढिला कर. हवा धरली आसंल."



"आता कशाला?" दत्ता म्हणाला.

खांबला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. शाल त्याने गाडीतच घडी घालून ठेवली. शेडमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी गादी अंथरली आहे असं वाटत होतं. लाइट आली होती आणि सगळे पंखे जोरात फिरत होते. वाऱ्याने पिसं हलत होती. दत्ता दारात बसला होता. हँडल मारून मारून त्याचे तळवे सोलले होते.

"चोची उघडून माझ्याकडं बघत व्हत्या, काका. मग म्या पुठ्ठ्यानं वारा घातला. किती जनींना घालनार?" त्याने वर पाहिलं. "फोन का नाय उचललात?"

"रेंज नव्हती."

दत्ताने लगेच मान हलवली. विश्वास ठेवला. रागावला असता तर बरं झालं असतं.

नथानियल म्हणाला, "तशाबी उद्या गाडीत चढून जानारच व्हत्या."

"व्हय," दत्ता म्हणाला. "पन आज आपल्याकडं व्हत्या."

शेठने फोनवर फारसं विचारलं नाही. विमा होता. अंधार पडायच्या आत पुरा म्हणाला. जेसीबीने मागे खड्डा घेतला, दत्ताची बायको करिश्मा चुन्याच्या गोणी उसवू लागली.

"सत्कार कसला व्हता वं, काका?" तिने विचारलं.

"नोकरीचा," नथानियल म्हणाला. "जुना मानूस म्हनून."

"व्हायलाच पायजे," करिश्मा म्हणाली.

त्याने पहिली कोंबडी उचलली. पायाला धरून नाही, पोटाखाली दोन्ही हात घालून, मान लोंबणार नाही अशी. अजून गरम होती. खड्ड्यापाशी गुडघे टेकून त्याने ती खाली ठेवली आणि परत आला. दुसरी तशीच नेली. तिसरीही. जेसीबीवाला इंजिन चालू ठेवून बघत होता. मग त्याने हॉर्न दिला.

नथानियलने शेडभर नजर टाकली. मग तो खाली वाकला आणि रोजच्यासारख्या, पायांना धरून, दोन्ही हातांत चार-चार उचलल्या.