लाल फुलीची जागा

मित्रांनो, इंटरनेटवर एखादं पान उघडताना वरच्या पट्टीवरच्या गोल बाणाच्या जागी क्षणभर एक फुली येऊन जाते. ती मी. पान उघडणं मध्येच थांबवणं हे माझं काम. आज तुमचं माझ्याकडे लक्षही जात नसेल, पण एके काळी मी लालभडक होते आणि मला माझी स्वतःची जागा होती.

माझी उमेदीची वर्षं धडगावात गेली. तिथे रविनाताईचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातपुड्यात नेट रांगतं. फॉर्मचे रकाने आधी दिसायचे आणि चित्रं मात्र अर्धा अर्धा तास उतरत राहायची. तोवर रविनाताई रकाने भरून घ्यायची आणि मग मला दाबायची. चित्रं थांबायची, नेट मोकळं व्हायचं आणि फॉर्म झटकन पुढे जायचा. "या फुलीवर माझं दुकान चालतं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मला फार अभिमान वाटायचा.

पुढे पट्टीवर बटणांची गर्दी झाली. खोटं कशाला बोलू, झालीच होती. ती कमी करायला बसलेल्या हुशार लोकांनी कोणतं बटण किती वेळा दाबलं जातं ते मोजलं. मोजलेल्यांत बहुतेकांचं नेट धावणारं, त्यांना माझी गरजच नव्हती. माझा रंग गेला, जागा गेली आणि मला बाणाच्या जागेत कोंबलं. पान उतरत असेल तोवर मी, उतरलं की बाण. आणि बाण तर पान पुन्हा पहिल्यापासून आणतो, भरलेलं सगळं पुसून टाकतो.

गेल्या वर्षी नर्मदाकाठचे उखाभाऊ लेकीला, निशाला घेऊन दुकानात आले. आधी होडी, मग जीप. नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता, मुदत पाच वाजेपर्यंत. रविनाताईने चाळीस रकाने भरले आणि सवयीने मला दाबायला गेली. नेमकं तेव्हाच पान पूर्ण उतरलं. मी बाजूला झाले आणि दाबला गेला तो बाण.

"ताई, सगळं कुठे गेलं?" निशाने विचारलं.

"माझ्या हातून पुसलं गेलं गं," रविनाताई म्हणाली. तिने लगेच पुन्हा भरायला घेतलं. सोळाव्या रकान्यावर नेट गेलं, ते सहा वाजता आलं.

उखाभाऊ रागावले नाहीत. "चल पोरी, यंदा आमच्यासोबत ऊसतोडीला ये," एवढंच म्हणाले. निशाने कागद पिशवीत घातले. रविनाताईला तिच्याकडे बघवेना.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलंच कुणी अशा पट्ट्या बनवेल. बटणं जरूर कमी करा. पण एखादं काढण्याआधी नेट रांगतं तिथे दिवसभर बसा, तिथल्या माणसाचा हात कुठे जातो ते बघा. रविनाताई अजून स्वतःलाच दोष देते. चूक तिची नव्हती, हे मला तिला सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगते आहे.