दोन खोल्या आणि बावीस पोळ्या

मी एक जुनं खापर आहे. गल्ली झाडणाऱ्या बाया मला फुटक्या मडक्याचा तुकडा समजतात, म्हणून आधीच सांगून टाकतो, मित्रांनो, मी तुकडा नाही. अख्खा आहे. मला पालथा घातला की माझी पाठ घुमटासारखी वर येते. खाली चुलीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायच्या आणि वर पाठीवर पुरणाची पोळी टाकायची. ही पोळी लाटत नाहीत बरं का! दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवतात आणि कोपरापर्यंत आली की माझ्यावर पसरतात. पोळपाटाला हे सुख कुठलं?

तापीकाठच्या मातीतून एका म्हाताऱ्या कुंभाराने मला घडवलं. भट्टीतून काढल्यावर त्याने मला बोटाने तीनदा वाजवून पाहिलं आणि मी घंटेसारखा बोललो. त्याच वर्षी मालूबाई लग्न होऊन बुऱ्हानपुरात बुधवाऱ्यातल्या घरी आल्या होत्या. नऊ खोल्यांचं घर होतं ते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आल्या की मी सकाळी तापायचो तो थेट दिवेलागणीला विझायचो. पोळी टाकण्याआधी मालूबाई माझ्या पाठीवर पाण्याचा हबका मारत. चर्र आवाज आला की त्या मान हलवत. मला तेवढं कौतुक पुरे होतं.

त्यांचे यजमान पंडित गुरुजी शाळेत मास्तर. त्यांचा धाकटा भाऊ दगा कापसाच्या धंद्यात शिरला आणि गुरुजींनी त्याला जामीन म्हणून सही दिली. धंदा बुडाला. दगा सुरतेला निघून गेला आणि वसुलीवाले आमच्या ओट्यावर येऊन बसू लागले. गुरुजी शाळेतून मागच्या दाराने घरी यायचे. असं चार वर्षं चाललं. शेवटी, आमच्या मुलखाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली त्या साली, गुरुजींनी नऊ खोल्या विकल्या, कर्ज पै न पै फेडलं आणि फेडल्याची पावती देवघरात देवांच्या मागे ठेवली.

मग आम्ही लोधीपुऱ्यात धुरपदाबाईंच्या दोन खोल्यांत भाड्याने आलो. त्या शेजारीच राहायच्या. पलंग विकला, फडताळ विकलं, पितळेचे हंडे विकले. मला कुणी विकत घेईना, मातीला कोण पैसे देणार? मालूबाईंनी मला बैलगाडीत मांडीवर घेतलं. नव्या स्वयंपाकघरात मी मावलो नाही, म्हणून बाहेर भिंतीशी राहिलो. मुलगी शारदा नववीत होती. ती माझ्याशेजारी बसून अभ्यास करायची आणि भूगोलाचे धडे मोठ्याने वाचायची. मला नद्या तेव्हाच पाठ झाल्या.

धुरपदाबाईंना दापोऱ्याला मुलाकडे जायचं होतं. खोल्या गुरुजींनाच विकत द्यायच्या असं त्यांनी कबूल केलं, पण आखाजीच्या आत पैसे हवेत म्हणाल्या. निम्मे पैसे गुरुजींजवळ होते. उरलेल्यांसाठी त्यांनी एका पतपेढीत अर्ज केला, त्याच खोल्या तारण ठेवायच्या होत्या. पतपेढीने कळवलं की अर्जदार मागे एकदा कर्जात अडकले होते, तेव्हा चिटणीस यादवराव घरी येऊन राहणी पाहतील.

गुरुजी म्हणाले की आपण रोज खातो तेच वाढू, भाकरी आणि भाजी.

मालूबाईंनी फळीवरचे डबे उघडून पाहिले. "आपल्या घरून कोणी भाकरीवर उठलंय आजवर?" त्या म्हणाल्या. "आणि डबे रिकामे दिसले तर पैसे कोण देईल? ज्याच्याकडे आहे त्यालाच देतात लोक."

हे बोलणं मलाही पटलं, मित्रांनो. खोटं कशाला बोलू? दीड वर्षांनी मला चूल मिळणार होती.

घरात तूप नव्हतं, गूळ नव्हता, डाळ पसाभर. मालूबाई वाटी घेऊन धुरपदाबाईंकडे गेल्या. धुरपदाबाईंनी तूप दिलं, गूळ दिला, सोबत बोलणीही दिली. "ने माय, पण चार पोळ्या कर. जावई थोडाच येतोय तुझा!"

मालूबाईंनी बावीस केल्या. गल्लीत तीन दगड मांडून मला पालथा घातला. हबका मारला, मी चर्र बोललो, त्यांनी मान हलवली. इतक्या पातळ पोळ्या त्यांच्या हातून कधी उतरल्या नव्हत्या. यादवराव पाटावर बसले, सोबत त्यांचा कारकून. यादवरावांनी तीन पोळ्या खाल्ल्या, प्रत्येकीवर तुपाची धार. "क्या बात है, वहिनी, असं खापर आता बुऱ्हानपुरात कुठे राहिलंय?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी फुगलोच. निघताना त्यांनी मुलांसाठी चार पोळ्या बांधून नेल्या. देवांमागची पावती गुरुजींनी हातात धरून ठेवली होती. ती यादवरावांनी वाचली नाही. हात तुपाचे होते.

आठ दिवसांनी कागद आला. अर्जदारांनी घर लहान केलं, पण खर्चाचा हात लहान केलेला नाही, सबब कर्ज देता येत नाही.

गुरुजींनी कागदाची घडी केली, उघडली, पुन्हा घडी केली. शारदाला राहवलं नाही. ती वेण्या न घालताच तडक पतपेढीत गेली. परत येऊन माझ्याशेजारी बसली आणि आईला सगळं सांगितलं. तिने यादवरावांना खरं काय ते सांगितलं होतं, की तूप, गूळ शेजारचं होतं, आमच्याकडे रोज भाकरीच असते.

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, साफ बात सांगतो बेटी, म्हणजे उधारीची सवय अजून सुटलेली नाही."

मालूबाई कितीतरी वेळ हातातली वाटी घासत बसल्या. वाटी धुरपदाबाईंची होती.

आखाजी आली. धुरपदाबाई रडल्या, पण थांबणं त्यांच्या हातात नव्हतं. मुलाने गिऱ्हाईक आणलं होतं. गुरुजींनी माडीवरची एक खोली भाड्याने घेतली. तिथे लाकडाची चूल पेटवायची नाही, अशी मालकाची अट. मी भिंतीशीच राहिलो. नव्या माणसांनी मला उताणा केला आणि कोंबड्यांसाठी पाणी भरलं. आयुष्यभर पाठीवर जगलो, आता पोटात पाणी घेऊन आभाळ बघतो.

पुढच्या आखाजीला मालूबाई गल्लीतून चालल्या होत्या. थांबल्या. माझ्यातलं पाणी ओतून त्यांनी मला पालथा केला, पदराने पाठ पुसली आणि नळाच्या पाण्याचा हबका मारला. मी बोललो नाही. खाली आग नसताना कसा बोलणार? त्या थोडा वेळ वाट पाहत उभ्या राहिल्या. मग मला पुन्हा उताणा ठेवून, कोंबड्यांचं पाणी भरून गेल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं मी म्हणणार नाही. मला जपून त्यांच्या हाती काय आलं? एवढंच मागतो. पाहुणा आला तर पोळी वाढा, पण घर तपासायला कुणी आलं तर रिकामे डबे उघडून दाखवा, लाजू नका. आणि शिकून मोठे होऊन तुम्हीच कधी कुणाचं घर तपासायला गेलात, तर तिथे जेवू नका. जेवलात, तर हात धुऊन आधी त्यांची पावती वाचा.