छातीपर्यंतची काठी

मी ॲल्युमिनियमची काठी बोलतेय. दौंडच्या एका मेडिकल दुकानात गरम पाण्याच्या पिशव्यांशेजारी टांगलेली असायचे. माणसांची पारख तिथंच शिकले. खोकल्याचं औषध लोक मोठ्यानं मागतात, काठी मागणारा मात्र आधी मागं वळून बघतो, मग हळूच म्हणतो, "माझ्यासाठी न्हाई बरं का, घरच्यांसाठी." आणि मला वर्तमानपत्रात गुंडाळून घेतो. चोरीचा माल न्यावा तशी.

यवतच्या संपतनंही मला तशीच नेली. त्याचे वडील, गेणबा, म्हणजे सगळ्यांचे आबा, गुडघ्यानं बेजार होते. दुकानदार म्हणाला होता, आबांनाच आणा. पायात रोजची चप्पल घालून उभे करा, हात सैल सोडला की काठीची मूठ मनगटाशी यायला हवी. पण आबा दुकानाची पायरी चढायला तयार नव्हते. बघणारे काय म्हणतील?

मला बघून त्यांची मान खाली गेली. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. धनगराची काठी छातीला भिडते, तिच्यावर हनुवटी टेकून रान न्याहाळायचं असतं.

"ही लंगड्याची हाय," आबा म्हणाले. "वढ वर."

माझ्या नळीला भोकं आहेत, बटण दाबलं की उंची बदलते. संपतनं मला शेवटच्या भोकापर्यंत ताणलं. छातीपर्यंत काही पोचले नाही, पण आबांचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौकात गेलो. एवढ्या उंच काठीवर भार पडतच नाही, नुसता खांदा वर उचलला जातो. चहाच्या टपरीसमोर मी सटकले आणि आबा खाली. कोपर खरचटलं, एवढंच. पण उचलता उचलता कुणीतरी म्हणालं, "आबा, मेंढरू पळालं का काय?" सगळे हसले. आबाही हसले.

घरी येऊन त्यांनी मला कपाटामागं ढकललं. मग चौक सुटला. सोबती बोलवायला आले की बायको कुशाबाई दारातूनच सांगायची, झोपलेत. आत आबा डोळे उघडे ठेवून पडलेले. हळूहळू मोरीपर्यंत जायलाही तिचा खांदा लागू लागला. एका सकाळी त्यांना सावरता सावरता तीच भिंतीवर आदळली. आबांना तिच्याकडं बघवेना.

तिनं कपाटामागं हात घातला. मला ओढून काढलं, पदरानं पुसलं, त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"बटण तुम्हीच दाबा. मी दाबलं तर उद्या परत वर वढाल."

बराच वेळ आबा माझ्या भोकांवरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी बटण दाबलं. मी मनगटाशी आले.

आज आम्ही अंगणाच्या गेटपर्यंत जाऊन आलो. समोरून मोटारसायकल आली तेव्हा आबांनी मला धोतराआड घेतलं. मीही अंग चोरून उभी राहिले. तुम्हाला आम्ही दोघं कुठं दिसलो, तर पायाला काय झालं, असं विचारू नका. मेंढरांचं विचारा, पिकापाण्याचं विचारा. चौक अजून लांब आहे हो आम्हाला.