खॅनला लागणारा दम

चान्ताच्या डाव्या मूत्रपिंडातून निघालेला खडा आल्याच्या गड्ड्यासारखा होता. फाटे फुटलेला, पिवळट, चांगला जाडजूड. डॉक्टरांनी तो काचेच्या बरणीत घालून त्याच्या उशाशी ठेवला. भूल उतरल्यावर चान्ताने पहिला प्रश्न विचारला तो हा, की वॉर्डात याहून मोठा कुणाचा आहे का.

“कुणाचा नाही,” शेजारच्या खाटेवरून सावाट म्हणाला. हा बाजारात मासे विकायचा. त्याचे स्वतःचे खडे मुगाच्या दाण्याएवढे, आणि त्याची त्याला लाज वाटायची. “काका, हा खडा नाही. हे तुमचं बाळंतपण झालंय. आता बारसं करा.”

चान्ता हसायला गेला आणि कुशीतली जखम अशी ओढली गेली की हसू घशातच राहिलं. बरगड्यांखालून पाठीपर्यंत टाके होते. बाजूने एक नळी निघून पिशवीत गेली होती.

“हसू नका दाजी,” खाटेखालून आवाज आला. तिथे चटई टाकून त्याची मेहुणी हॉम आडवी झाली होती. आमच्या ईसानात, थायलंडच्या या ईशान्य भागात, रुग्णाबरोबर घरचं माणूस यायचंच, आणि त्याची जागा खाटेखाली. “टाके उसवले तर पुन्हा शिवतील, पण मला पुन्हा इथे झोपायला लागेल.”

“बरं. शनिवारी हसेन,” चान्ता म्हणाला.

शनिवारचं एव्हाना सगळ्या वॉर्डाला माहीत झालं होतं. त्याची बायको बुआसोन गेल्या उन्हाळ्यात गेली. सुगी आटोपली, नवा भात घरात आला, की गेलेल्या माणसाच्या नावाने जेवण घालायचं, भिक्षूंनी ते जेवायचं, आणि तो घास तिकडे तिला पोचायचा. नवा भात खाल्ल्याशिवाय बुआसोनचं वर्ष कधी सुरू होत नसे. देवळाशी बोलून शनिवार ठरवला होता. बँकॉकच्या कारखान्यांत असलेली पोरं त्या एका दिवसासाठी येणार होती आणि रविवारच्या बसने परतणार होती. दिवस हलवता येण्यासारखा नव्हता.

आणि ऐन कापणीत चान्ता बांधावर कळवळून आडवा पडला. डॉक्टर म्हणाले, थांबलात तर मूत्रपिंड जाईल. “मग काढा,” चान्ता म्हणाला, “पण शनिवारी मला खॅन वाजवायचाय.”

डॉक्टर तरुण होते, बँकॉकचे. ते म्हणाले, “बघू.”

“त्यात बघायचं काय?” चान्ता म्हणाला.

बुआसोन गाणारी होती. गावोगावच्या जत्रांत रात्र रात्र गायची, आणि चान्ता तिच्या शेजारी उभा राहून खॅन वाजवायचा. खॅन म्हणजे बांबूच्या लांब नळ्यांची दुहेरी ओळ, दोन हातांत धरून तोंडाने फुंकायची. फुंकलं तरी वाजतो, श्वास आत ओढला तरी वाजतो, म्हणून सूर तुटत नाही. निदान तुटू नये. चान्ता नाचाच्या चाली वाजवायला लागला की म्हातारी माणसंसुद्धा उठायची. पण लांब, संथ गाण्यात तो श्वास चोरायचा. बुआसोनचा सूर लांबत जाई आणि याचा खाली बारीक होऊन विझे. मग ती गाता गाताच डाव्या बाजूने कोपर मारायची, थेट बरगड्यांखाली. लोकांना वाटायचं, नवराबायकोची थट्टा चाललीय. “गाणाऱ्याखालचा सूर काढून घेणं म्हणजे बसलेल्या माणसाखालची चटई ओढणं,” असं ती घरी येऊन म्हणायची, आणि तरी दुसऱ्या दिवशी त्याच्याच बरोबर गायला उभी राहायची.

ती गेल्यापासून खॅन खुंटीवरच होता. भिक्षूंचं जेवण झालं की एकदा तिची लांब चाल वाजवायची, एवढं चान्ताने मनाशी ठरवलं होतं. गाणारं कोणी नसलं तरी चालेल. दुसऱ्या कोणाला गायला बोलवायचं नाही, हेही त्याने पोरांना फोनवर बजावलं होतं.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी नर्स प्रानीने त्याच्या हातात प्लास्टिकचं एक यंत्र दिलं. तीन नळ्या, प्रत्येकीत चेंडूसारखी एक हलकी गोळी.

“काका, हे तोंडात धरायचं आणि सावकाश श्वास आत ओढायचा. तिन्ही गोळ्या वर गेल्या पाहिजेत आणि वर राहिल्या पाहिजेत. दर तासाला करायचं. दुखेल, पण करायचं. खोकला आला तर दाबायचा नाही.”

चान्ताने ते तोंडाला लावलं आणि गालांनी असा झटका दिला की तिन्ही गोळ्या टक टक टक करत वर जाऊन आपटल्या आणि खाली आल्या.

“वर राहिल्या पाहिजेत, काका.”

“राहतील गं पोरी. चाळीस वर्षं मी वाराच खातोय.”

प्रानीला पुढच्या खाटेवर सलाईन बदलायचं होतं. ती गेली. चान्ताने सावाटला यंत्र दाखवून म्हटलं, “हे लहान मुलांचं खेळणं आहे.” मग ज्याला कोणाला दाखवायचं त्याला गोळ्या उडवून दाखवल्या. खोकला आला की तो घोटभर पाणी पिऊन गिळायचा. जखम अजिबात दुखली नाही. त्याला वाटलं, आपण भराभर बरे होतोय.

सोमवारी त्याने हॉमकडून खॅन मागवला. प्रानी म्हणाली, भेटीच्या वेळेत, हळू आवाजात, आणि कोणी तक्रार केली तर लगेच बंद. कोणी केली नाही. चान्ता उशीला टेकून बसला आणि नाचाची चाल धरली. बोटं जरा आखडली होती, पण चालली. सावाट एका हाताने लघवीची पिशवी सांभाळत खाटेशेजारी उभ्या उभ्या डुलला. समोरच्या म्हाताऱ्याने वाटीवर चमचा वाजवला. कोणाच्या तरी बायकोने चान्तापुढे चिकट भाताची पुरचुंडी ठेवली, जत्रेत ठेवतात तशी.

“पाहिलंस?” चान्ता हॉमला म्हणाला. “माझं मूत्रपिंड गेलं तरी चालेल, फुंक शाबूत आहे.”

त्याच संध्याकाळी त्याला ताप भरला.

सकाळी छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीकडे धरून दाखवला. “इथे खाली, डावीकडे बघा. फुफ्फुसाचा हा भाग मिटून बसलाय. तिथे हवा पोचत नाही.”

“हवा?” चान्ता म्हणाला. “डॉक्टर, काल सगळ्या वॉर्डाने ऐकलं.”

“मीही जिन्यात उभं राहून ऐकलं. छान वाजवता. पण फोटोत हवा नाही.”

“फोटोचं यंत्र बिघडलं असेल.”

“बिघडलं नाही. ताप उतरला आणि छाती मोकळी झाली तरच सोडेन. शुक्रवारी सकाळी पुन्हा तपासतो. नाहीतर पुढचा आठवडाही इथेच. इथे न्यूमोनिया झाला तर शनिवारचं काय, मग पुढचं काहीच सांगता येत नाही.”

डॉक्टर गेले. चान्ता भिंतीकडे तोंड करून पडला. ताप अंगात होता, पण त्याहून राग मोठा होता. फुंकणं हा त्याचा धंदा, आणि त्यालाच हा पोरगा सांगतो की तुझ्यात हवा नाही.

“पोरांना काय सांगू?” हॉमने विचारलं.

“सांग, येतोय म्हणून.”

“आणि गाण्याचं?”

“गाण्याचं काय?”

हॉमने चटई गुंडाळली, पुन्हा उलगडली. “तुम्ही कोणाला बोलवू देत नाही. म्हणून म्हटलं, मीच गाते. पहिल्या दोन ओळी. ताईच्या.”

चान्ताने मान वळवली. “तू? तू हाक मारलीस की म्हशी दुसऱ्याच्या गोठ्यात जातात.”

“जाऊ देत. म्हशींना नाही बोलवलंय. दाजी, तिला भात पोचणार आणि सूर नाही पोचणार, हे मला बरं दिसत नाही. दुपारी एकदा करून बघू.”

दुपारी भेटीची वेळ झाली. हॉम खाटेच्या डाव्या बाजूला उभी राहिली, कारण उजवीकडे सलाईनचा खांब होता. चान्ताने खॅन तोंडाला लावला. हॉमने डोळे मिटले आणि बुआसोन सुरू करायची तशी पहिली हाक दिली. आवाज पातळ होता, चिरका होता. पण बहीण ती बहीण. बुआसोन जिथे थांबायची तिथेच ती थांबली, आणि जिथून सूर लांबवायची तिथूनच तिने लांबवला.

चान्ताने खाली सूर धरला. जरा वेळ धरला. मग गालांतली हवा संपली. त्याने आत ओढली, तर ती गळ्यापर्यंत येऊन थांबली. पुढे तिला वाटच नव्हती. खॅन बारीक झाला आणि विझला. हॉमचा सूर वर एकटा राहिला, जरा थरथरला आणि तोही बंद पडला.

सावाटने बळेच पाण्याची बाटली उघडली आणि बंद केली.

“ताई म्हणायची ते खरं आहे,” हॉम म्हणाली. रागाने नव्हे, बाजारात भाव सांगावा तशी. “दाजी श्वास चोरतात.”

चान्ताने डाव्या बरगड्यांखाली हात नेला. जिथे कोपर बसायचं तिथेच टाके होते. मग त्याने ते यंत्र उचललं, गोळ्यांकडे पाहिलं, आणि प्रानीला हाक मारली.

“पोरी, खरं सांग. हे गालाने उडवलं तर चालत नाही ना?”

“गालाने?” प्रानी त्याच्याकडे बघतच राहिली. “काका, तुम्ही इतके दिवस गालाने उडवत होतात?”

“सवय,” चान्ता म्हणाला. “चाळीस वर्षांची.”

प्रानीने एक उशी घडी करून त्याच्या जखमेवर दाबली, त्याचे दोन्ही हात त्यावर ठेवले, आणि स्वतःचा तळवा त्याच्या पोटावर ठेवला. “माझा हात वर उचला. श्वासाने. नाही उचलला तर घेतलाच नाही असं धरीन.”

पहिला श्वास असा आत गेला की चान्ताच्या तोंडून शिवी निघाली. समोरच्या म्हाताऱ्याने कौतुकाने मान हलवली. दुसरा गेला. तिसऱ्याला खोकला उसळला, आणि तो यावेळी त्याने गिळला नाही. उशी पोटाशी आवळून, डोळ्यांतून पाणी काढत, जे काही छातीत बसलं होतं ते कागदी रुमालात टाकलं. ते पाहून प्रानी सोनं सापडल्यासारखी खूश झाली.

तेव्हापासून त्या कोपऱ्यात आखाडाच झाला. सावाटने ताबा घेतला. मुष्टियुद्धाच्या सामन्यात लोक ओरडतात तसा तो ओरडायचा. “वर! वर! धरा! पडली! काका, मधली पडली! उठा, पुन्हा!” गोळ्या आधी एक, मग दोन, अशा वर जाऊन राहायला लागल्या. तिसरी हट्टी होती. हॉमने त्याला वऱ्हांड्यात चालवलं, पिशवी स्वतः हातात धरून. दुपारी दोघं पुन्हा ती ओळ करायची. तो मध्येच तुटायचा, ती थांबायची, पुन्हा सुरू करायची. म्हशीचं कोणी काढलं नाही. नाचाची चाल वाजवा म्हणून समोरच्या म्हाताऱ्याने आग्रह केला, तर चान्ता म्हणाला, “ती फुकटची आहे. सोमवारी ऐकलीत ना?”

बुधवारी ताप थोडा उतरला. गुरुवारी आला नाही. तिसरी गोळी गुरुवारी संध्याकाळी वर गेली आणि सावाट “धरा, धरा” म्हणेपर्यंत तिथेच राहिली. सावाट एवढ्या जोरात ओरडला की प्रानीने त्याचाच रक्तदाब मोजला.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी चान्ताच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. “मोठा श्वास घ्या.”

चान्ताने घेतला. टाके ओढले गेले, त्याने ओढू दिले.

“पुन्हा.”

पुन्हा घेतला. डॉक्टरांनी खाली, डावीकडे, बराच वेळ ऐकलं. हॉम चटईची कड चुरगाळत उभी होती. चान्ता मात्र तिच्याकडे बघून भुवया उडवत होता. उत्तर काय येणार हे त्याला कळलं होतं. या वेळी त्याला ते आतून ठाऊक होतं.

“आली हवा,” डॉक्टर म्हणाले. “नळी आज काढू. उद्या पहाटे जा. ओझं उचलायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, टाके काढायला बुधवारी परत यायचं. आणि आंबवलेली मासळी बंद.”

“थोडीशी?” हॉमने विचारलं.

“आजी, तुम्ही खा. यांना नको.”

निघताना सावाटने खड्याची बरणी हातात दिली. “बाळाला विसरू नका.”

“तूच ठेव,” चान्ता म्हणाला. “तुझे मुगाएवढे. कोणी विचारलं तर सांग, हा माझा.”

शनिवारी सकाळी अंगणात मांडव होता. नव्या भाताची वाफ घरभर होती. पोरं बसमधून उतरून तशीच कामाला लागली होती. भिक्षू जेवले, आशीर्वाद झाले, पाणी सोडलं, आणि मग लोक चान्ताकडे बघायला लागले. त्याने चौकड्यांचा पंचा कमरेला गच्च बांधला होता, आणि डाव्या बाजूला त्यात एक छोटी उशी खुपसली होती. बसूनच वाजव, असं सगळे म्हणाले. तो उभा राहिला. हॉम त्याच्या डावीकडे येऊन उभी राहिली.

तिने हाक दिली. आवाज तसाच, पातळ आणि चिरका. बँकॉकहून आलेल्या नातवंडांनी एकमेकांकडे पाहिलं. चान्ताने श्वास खाली, उशीच्याही खाली नेला आणि सूर धरला. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीत, शेवटचा सूर लांबवायचा तिथे, हॉमचा आवाज फुटला. तिला रडू आलं की दम संपला, ते तिचं तिला माहीत. तिने खांद्यावरच्या शेल्याने तोंड झाकलं.

खॅन थांबला नाही. त्याने आत ओढलं, बाहेर सोडलं, पुन्हा आत ओढलं. कूस जळत होती. गाणारी नसताना तो सूर तसाच सरळ चालला होता. अंगणातली माणसं हातातलं काम टाकून उभी राहिली. सूर जेवढा जायचा तेवढा गेला, आणि मग चान्ताने खॅन तोंडावरून खाली घेतला.

“किती वेळ धरलात, दाजी!” हॉम नाक पुसत म्हणाली. “कशाला एवढं? मी तर केव्हाच थांबले होते.”

“ती एवढा लांबवायची,” चान्ता म्हणाला. “चल, वाढ. भूक लागलीय.”