गाऱ्हाण्याचा मान

दशरथच्या नाकाचा शेंडा लाल दिसायला लागला, तेव्हा विमलाबाईंनी त्याला काही विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यांच्या लेखी काही उरलंच नव्हतं. असं नाक त्यांनी आधी एकदा अगदी जवळून पाहिलं होतं, गिरणगावातल्या खोलीत, सात वर्षं. ते त्यांच्या नवऱ्याचं होतं.

दशरथ पन्नाशीला टेकलेला. पाणीखात्यात चावीवाला, म्हणजे रस्त्यावरचे व्हॉल्व्ह फिरवून वस्त्यांना पाणी सोडणारा माणूस. दिवसभर उन्हात. सुरुवातीला विमलाबाईंनी उन्हावर ढकलून मनाची समजूत घातली. पण ऊन काही गालांवर लाल बारीक रेघा काढत नाही, वर पुटकुळ्या आणत नाही. डोळेही चुरचुरल्यासारखे लाल. त्यात त्याची ही तऱ्हा: कामावरून आला की थेट न्हाणीघरात, आतून कडी, दहा मिनिटं नळ सोडलेला, आणि बाहेर येताना मान खाली. घरात काही लपवणारा पुरुष कसा चालतो हे विमलाबाईंना कोणी शिकवायला नको होतं.

आता राहायला दहिसरला. तिथं गाड्यांना चेक नाका लागतो, बातमीला लागत नाही. तळमजल्यावरची बाई एकदा जिन्यात म्हणाली, "काकी, दशरथभाऊंना जरा जपा हं. टेन्शन दिसतं चेहऱ्यावर." आणि हसली. त्या हसण्याने विमलाबाईंचं अंग जळालं.

गणपतीला पंधरा दिवस होते. जेवताना त्यांनी सांगून टाकलं, "यंदा गाऱ्हाणा दिशा घालतली."

आपल्या लेकीचं नाव ऐकून सून वनमाला वाढता वाढता थांबली. कोकणातल्या माणसाच्या घरी हे साधं वाक्य नव्हे. गणपतीपुढे नारळ ठेवून घरातल्या थोरल्या पुरुषानं देवाला हाक मारायची, घराचं सुखदुःख सांगायचं, चुकलं-माकलं पदरात घे म्हणायचं, आणि मागे उभ्या असलेल्यांनी दर वाक्याला "होय म्हाराजा" म्हणायचं. हा मान काढून घेणं म्हणजे माणसाला घरात ठेवून घराबाहेर काढणं.

दशरथचा चेहरा आणखी पेटला. "आये, मी पियाक नाय. माज्या तोंडाचो वास घे."

विमलाबाईंनी तोंड फिरवलं. तोंड फिरवलं खरं, पण हेच वाक्य त्यांनी पूर्वी ऐकलं होतं, शब्दाला शब्द.

नवऱ्याला सगळे भाऊ म्हणायचे. संपात गिरणी गेली आणि भाऊ पिऊ लागले, हे खरं. त्यात कोणी रंग भरायची गरज नाही, विमलाबाईंनी घरोघरी पोळ्या लाटून संसार ओढला तो त्याच दिवसांत. शेवटच्या वर्षी भाऊंनी नारळावर हात ठेवून सांगितलं की सोडली. पण तोंड लाल ते लालच. उलट जास्तच. विमलाबाईंनी तोंडावर विश्वास ठेवला, शब्दावर नाही. त्या गणपतीला गाऱ्हाणं त्यांनी चौदा वर्षांच्या दशरथला घालायला लावलं. भाऊ उंबऱ्याशी उभे राहून मुलाला "होय म्हाराजा" म्हणाले. मार्गशीर्षात छातीत कळ येऊन ते गेले. दारूनं नेलं, असं चाळ म्हणाली, आणि विमलाबाईंनी ते खोडलं नाही.

दिशाला मात्र आजीचा निवाडा पटेना. कॉलेजातली मुलगी, तोंडानं फटकळ. दुसऱ्याच दिवशी तिनं न्हाणीघराचा माळा उपसला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वस्तू आणून आजीच्या मांडीवर टाकली.

"ही बघ तुझी बाटली!"

मलमाची ट्यूब होती. अर्धी पिळलेली. पिशवीत तशाच आणखी तीन, रिकाम्या.

दशरथला मग सगळं ओकावं लागलं. दोन वर्षांपूर्वी औषधाच्या दुकानदारानं चिठ्ठीशिवाय दिलेलं मलम. लावलं की चार दिवसांत चेहरा स्वच्छ, बंद केलं की दुप्पट लाल. म्हणून रोज, आणि हल्ली तर लावूनही लाल. बाप्यामाणसानं तोंडाला क्रीम चोळायचं ही त्याला इतकी लाज, की त्यानं कडी लावून चोळलं. आईला बाटली वाटेल हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

बोरिवलीला त्वचेच्या डॉक्टर होत्या, गंधाली नावाच्या. विमलाबाई हट्टानं बरोबर गेल्या. त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

डॉक्टरांनी भिंग लावून गाल, नाक, पापण्यांच्या कडा पाहिल्या. ट्यूब पाहून कपाळाला आठी घातली. "ह्यात स्टेरॉइड आहे. हे मूळ दुखणं झाकतं आणि आतून वाढवतं. दुखण्याचं नाव रोझेशिया. त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुलतात, त्याची ही लाली. ऊन, तिखट, कढत चहा, घाम, राग, प्रत्येकाचं चाळवणारं कारण वेगळं असतं. हे कायमचं जात नाही. पण ब्लडप्रेशरसारखं सांभाळता येतं."

"दारून होता मा ह्या?" विमलाबाईंनी विचारलंच.

"दारूनं लाली वाढू शकते, आजी. पण आयुष्यात थेंब न घेतलेल्यांनाही हा आजार होतो. आणि लोक त्यांना दारुडे ठरवतात. माझ्याकडे असे कितीतरी येतात."

दशरथ जमिनीकडे बघत होता. विमलाबाईंनी पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "बापाकडून झिलाक येता?"

"काही घरांत येतो."

"आणि बाप आधी पियत होतो, मगे सोडल्यान... तरी तोंड लाल ऱ्हवात?"

डॉक्टरांना काहीतरी कळलं असावं. त्या सावकाश बोलल्या. "न बघितलेल्या माणसाबद्दल मी नक्की नाही सांगू शकत. पण हा आजार असेल, तर दारू सोडली तरी लाली राहू शकते."



मलम बंद झालं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं तसंच झालं: चेहरा आधी भडकला. दशरथ भाजल्यासारखा दिसू लागला. औषधाच्या गोळ्या, सौम्य जेल, उन्हाला लावायचं क्रीम (आता खुंटीशेजारच्या फळीवर, उघड्यावर), रुंद काठाची टोपी, पापण्यांना कोमट शेक. कशानं चेहरा पेटला ते दिशा भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहू लागली. सोमवारी ऊन. बुधवारी बांगड्याचं तिखलं. गुरुवारी साहेबाशी भांडण. वनमालानं मसाला निम्म्यावर आणला. आणि दशरथचा चहा विमलाबाई स्वतः बशीत ओतून, निववून, त्याच्यापुढे ठेवू लागल्या. त्याच्याकडे न बघता.

चतुर्थीच्या सकाळी गणपती बसला. शेजारी यायचे होते. वनमाला आणि दिशा आत मोदकांच्या गडबडीत. विमलाबाईंनी नारळ आणून दशरथच्या हातात दिला.

"तूच घाल."

"ह्या तोंडान?"

"ह्याच तोंडान." त्या खाली बसल्या. "दशरथ, तुज्या बापसानव माका सांगलेल्यान. तोंडाचो वास घे म्हणान. मी घेवक नाय. पस्तीस वर्सा मी तेका खोटो म्हणतंय."

दशरथ नारळाची शेंडी सारखी करत राहिला.

"मी घेतलेलंय," तो म्हणाला.

"काय?"

"वास. भाऊ निजलेले तेव्हा. जवळ जावन. रोज, म्हयनोभर. विडीचो वास होतो, आये. दुसरो कसलोच नाय."

विमलाबाईंनी त्याचं मनगट धरलं. "मगे बोलाक नाय कित्याक? मेल्या, एक शब्द बोलतस तर..."

"गाऱ्हाणा माका गावलेला." त्याचे लाल डोळे भरून आले. "सगळी मोठी माणसा माका 'होय म्हाराजा' म्हणी होती. भाऊसुद्धा. माका बरा वाटत होता, आये."

जिन्यात चपला वाजल्या. शेजारी आले, तळमजल्यावरची बाईसुद्धा, आणि सगळ्यांच्या नजरा दशरथच्या तोंडावर गेल्या. त्यानं मान खाली घातली नाही. विडा ठेवला, त्यावर नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या घरातली लेकरा तुज्या पायाशी उभी आसत..."

"होय म्हाराजा!"

"ह्या घरातलो थोरलो, आमचो भाऊ, खरा बोललो आणि आमी तेका खोटो ठरवलव. तेचो मान आमी काढून घेतलव, तो आज तेका परत देतंव. आमचा चुकला, ता पदरात घे रे म्हाराजा..."

शेजाऱ्यांना काही कळलं नाही, पण "होय म्हाराजा" सगळ्यांनी म्हटलं. विमलाबाई उंबऱ्याशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा आवाज सगळ्यांच्या नंतर आला, एकटा.