मंजुळाच्या नवऱ्याची टकटक

घिवलीच्या किनाऱ्यावर, बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांडीजवळ शंभरेक माणूस जमलेलं. मधोमध दादूची जुनी व्हॅन. पुढची सीट उचललेली, कारण त्या गाडीचं इंजिन सीटखाली असतं. त्यावर लाल कापड, लिंबू, अन् धुरात दर्यानाथ महाराज.

"हूं फट् दर्या! बुडालेला आतून ठोकतोय! बायकोशिवाय करमत नाय त्याला!"

लोकांनी हात जोडले. पंधरा दिवस ही ठोकाठोक चाललेली. मासळीच्या टोपल्या अन् बाया घेऊन व्हॅन बोईसरच्या बाजारला जायची. पुलाच्या चढावर आली की टक टक टक. अन् म्हणे, मंजुळा बसली की हमखास. तिचा नवरा दोन वर्सांपूर्वी बोटीवरून पडून गेला. झालं! बायांनी तिला गाडीत घेणंच बंद केलं. डोक्यावर टोपली घेऊन बाई चालत निघायची.

"त्याच्या आठवणीचं सोनं दर्याला दे," महाराज म्हणाले. "तू नको येऊ, मीच नेऊन बुडवतो."

मंजुळानं पदराची गाठ सोडली. बारकं मंगळसूत्र होतं.

मी बन्सी. सरावलीत गॅरेज हाय. तिनंच सकाळी फोन केलेला, "दादा, इंजिनात भूत बसतं का वो?"

"थांब मंजुळाबाय," मी म्हटलं. "आधी मी बघतो."

"यंत्राला शिवशील तर हात झडेल!" महाराज गरजले.

"तीस वर्सं शिवतोय, महाराज. काळा झाला, झडला नाय."

मी कापड ओढलं. ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा डिस्ट्रिब्युटर असतो. गेल्या महिन्यात तो लावून मीच पांढऱ्या रंगाची खूण केलेली. खूण अंगठाभर सरकलेली. बोल्टवर पान्याचा ताजा ओरखडा.

"दादू, या महाराजानं गाडीला कधी हात लावलेला?"

"दसऱ्याला पूजा केली ना. असंच कापड टाकून."

"अन् टकटक कधीपासून?"

"दसऱ्यापासूनच की!" दादूनं वळून महाराजाकडं बघितलं.

मी खूण जुळवली, बोल्ट आवळला. म्हटलं, "चला, सगळ्या बसा. टोपल्यांसकट. मंजुळा पुढं."

"मी नाय बसायची तिच्यासंगं," नर्मदाकाकी बोलली.

"मग चालत जा. ती रोज चालते."

काकी टोपली घेऊन बसली. पूल चढलो. गाडी गप. परत आलो, मंजुळाच्या हातात पाना दिला. "आता बोल्ट सैल करून डिस्ट्रिब्युटर तूच फिरव. जरासा." परत तोच पूल, त्याच बाया, तोच भार. टक टक टक!

"अगं बाय," नर्मदाकाकी म्हणाली, "ही तर हातानं भूत आणते!"

"आणते अन् घालवते पन," मंजुळा म्हणाली. पंधरा दिवसांत पयल्यांदा तिचा आवाज ऐकला लोकांनी.

किनाऱ्यावर परत आलो, तिनं खूण जुळवली अन् मी समजावलं. इंजिनातला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर येत असताना ठिणगी लवकर पडली, तर स्फोट त्याच्या टाळक्यावर बसतो. भार अन् चढ असला की जास्तच. मंजुळाचं घर शेवटचं, ती बसली की गाडी भरायची, अन् लगेच पूल. एवढंच.

मागं वळलो तर महाराज पिशवी उचलून चाललेले. दादूनं पिशवी हिसकावली. लिंबांबरोबर दहा नंबरचा पाना पडला. मग एकानं ओळखलं, हा तर सफाळ्याच्या गॅरेजातला कमलाकांत. सोनं घेऊन, कापडाखाली हात घालून, खूण परत जुळवणार होता. चमत्कार तयार!

त्याला पोलिसांत दिलं. पन खरं सांगू, मला त्याच्यापेक्षा त्या शंभर जणांची किळस आली. चोर तरी सोन्यासाठी करत होता. हे फुकट करत होते. मंजुळाची माफी कोणी मागितली नाय. तिनं मंगळसूत्र परत गाठीला बांधलं, टोपली चढवली अन् पुढच्या सीटवर बसली. "दादू, निघ. बाजार उठेल."

बाबांनो, गाडी आवाज करायला लागली तर विचारा, कधी करते, कुठं करते, भार किती असतो, शेवटचा हात कोणाचा लागला. गाडीत कोणाच्या कपाळावर कुंकू नाय, ते विचारू नका.