हवालदारांचा वर केलेला हात

मी जीवरक्षक होतो त्या उन्हाळ्यात ऊन असं होतं की वाळूवर ठेवलेली शिट्टी आतली हवा तापून आपोआप वाजायची आणि सगळा समुद्र घाबरून बाहेर यायचा. खोटं वाटत असेल तर बेडकाला विचारा. बेडूक म्हणजे मचाणावरचा माझा जोडीदार. एकदा त्याने असा दम धरला की पाण्याखाली गेला तेव्हा गुळगुळीत दाढी केलेली होती, वर आला तेव्हा खुंट वाढलेले.

आमचं काम एका नियमावर चालायचं. पाण्यात कुणी एक हात सरळ वर धरला की तो मदत मागतोय. मग विचार करायचा नाही आणि विचारायचंही नाही. रबरी कडं खांद्याला अडकवायचं आणि धावत सुटायचं.

आता माझं दुखणं सांगतो. प्रथमोपचाराच्या खोलीत जी मलमपट्टी करायची, तिच्याशी मला लग्न करायचं होतं. तिचीही ना नव्हती. त्या मोसमात माझ्या पायात सात वेळा काच घुसली, त्यातल्या तीन वेळा तर ती मीच शोधून आणली होती. घोडं अडलं होतं तिच्या बाबांपाशी. ते वाहतूक हवालदार. तीस वर्षं एकाच चौकात उभे. त्यांनी तळवा दाखवला की ट्रक जागच्या जागी थांबायचे. एकदा तर ढग थांबला आणि चौकाला तासभर सावली मिळाली.

"रविवारी बाबा पोहायला येतायत," माझ्या टाचेला पट्टी गुंडाळताना ती म्हणाली. "म्हणजे तुला बघायला. ते हो म्हणाले तर ठीक. नाहीतर मावशीने स्थळ आणलंय, बँकेतलं."

"त्याला पोहता येतं?"

"बँकेत कशाला लागतं? तू गपगुमान काम कर. शहाणपणा नको."

रविवारी हवालदार आले. मिशा आधी आल्या, मागून ते. छातीभर पाण्यात जाऊन चौकात उभं राहावं तसे उभे राहिले. डावीकडून एक बाई हवेच्या गादीवर पडून येत होती, उजवीकडून एक गृहस्थ उलटे पोहत येत होते. आता टक्कर होणार! तीस वर्षांची सवय. हवालदारांचा हात ताडकन वर गेला.

मी आणि बेडूक सुटलो. आम्हाला येताना पाहून त्यांनी तळवा आमच्याकडे वळवला आणि हात आणखी उंच केला. "थांबा! थांबा म्हणतो ना!"

"फारच बुडतायत," बेडूक म्हणाला.

आम्ही त्यांना काखेत धरून वाळूवर आणलं. "अरे गाढवांनो, मी वाहतूक थांबवत होतो!" ते ओरडले. मी माफी मागितली. ते परत पाण्यात गेले, अर्ध्या तासात एका होडीला अडवायला हात केला, आणि आम्ही त्यांना परत आणलं. तिसऱ्यांदा तर त्यांनी आम्हाला नुसतं मचाणावरून उतरताना पाहिलं, येऊ नका म्हणून हात केला, आणि तेवढ्यानेच सापडले.

लोक सासऱ्यांच्या मनात भरतात. मला मात्र ते पाण्यात पाहू लागले, तेही छातीभर.

"पुन्हा मला हात लावलास," मिशा पिळत ते म्हणाले, "तर माझ्या मुलीचं नाव घ्यायचं नाही!"

ती मला बाजूला घेऊन कुजबुजली, "बँकेतला निदान बाबांना फरफटत तरी नेत नाही. आता जागचा हललास तर बघ."

हवालदार चौथ्यांदा पाण्यात गेले. या वेळी दोन्ही हात पाठीशी घट्ट बांधून, नुसते पाय मारत. आयुष्यात कुठल्याच कामात त्यांनी हात वर केले नव्हते. आता समुद्रातही करायचे नाहीत, असं ठरवूनच गेले होते.

मी मचाणाचा कठडा आवळून बसलो. थोड्या वेळाने त्यांच्या पायांचे शिंतोडे बंद झाले. पाणी मिशांपर्यंत आलं.

"हात खाली आहे," बेडूक म्हणाला. "नियमात बसत नाही. बस तू."

मी बसलो. तेवढ्यात दोघं जण भलत्याच बाजूने, अगदी त्यांच्या नाकासमोरून आडवे पोहत गेले. हवालदारांनी शिवी दिली नाही. साधं "ओ" सुद्धा केलं नाही.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तीस वर्षं ओरडलेला माणूस असं बघून गप्प बसतो? लग्न गेलं खड्ड्यात, म्हणत मी उडी टाकली.

त्यांच्या पायात गोळा आला होता. मी पोचलो तसे ते शिडी चढावी तसे माझ्या खांद्यावर आणि तिथून डोक्यावर चढले. ते वर, मी खाली. नाकातोंडात इतकं पाणी गेलं की त्या दिवशी ओहोटी तासभर आधी लागली. शेवटी बेडकाने दोघांना बाहेर काढलं.

वाळूवर मी आडवा. हवालदार माझ्या छातीवर बसलेले. उठायला पाय चालत नव्हता.

"काय पण काका!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "या वयात बुडत्या जीवरक्षकाला वाचवलं!"

हवालदारांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ओघळलेल्या मिशा हळूहळू वर आल्या.

मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. तिने त्यात थर्मामीटर खुपसला.

"पोरगा मनाने चांगला आहे," हवालदार गर्दीला म्हणाले. मग माझा गाल थोपटून तिच्याकडे वळले. "पोहण्यात जरा कच्चा आहे. लग्नानंतर मी घेईन पक्का करून."

ती नोंदवही घेऊन आली. 'बुडणारी व्यक्ती' या रकान्यात तिने वळणदार अक्षरात माझं नाव लिहिलं, 'वाचवणारा' मध्ये बाबांचं, आणि पेन माझ्या हातात दिलं.

"अगं, पण बुडत तर..."

"लग्न करायचंय ना? मग कर सही."

मी केली.